मांजराच्या आवाजावरून त्याला काय हवंय हे कसं ओळखायचं?

नुसत्या आवाजावरून नाही ओळखता येत. तो कुठे बसून काढला तेही बघा. मोठी मांजरं आपापसात फारसं म्याँव करत नाहीत, ते माणसांसाठी राखीव. त्यामुळे तुमच्या घरचं ‘खायला दे’ आणि शेजारचं ‘खायला दे’ सारखं ऐकू येईलच असं नाही. शेपूट उभी, तोंड मिटून बारीक ‘ब्रर्र’ म्हणजे ‘आलात का?’ हे चार दिवसांत तुम्हालाच कळेल.

घोळ होतो घुरघुरण्यात. ‘घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे,’ हे गावभागातले आमचे मामा अजून ठासून सांगतात. त्यांचा चार वर्षांचा बोका या वाक्यापायी जाता जाता वाचला. सकाळपासून वाळूच्या ट्रेमध्ये, मग न्हाणीच्या फरशीवर कुथत बसायचा. खालच्या पट्टीत लांबलचक ‘आंऽऽव’. वाळू मात्र कोरडी. मांडीवर घेतला की घुरघुर! मामांचं निदान बद्धकोष्ठ, उपाय एरंडेल. संध्याकाळी ओकायला लागला तेव्हा कुठे दवाखाना. पोटात मागच्या बाजूला लिंबाएवढा टणक गोळा, म्हणजे तुंबलेलं मूत्राशय. भूल देऊन नळी घालावी लागली.

बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खडा किंवा चिकट गाळ अडकतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत खेळ खलास. तो गोळा घरी दाबून बघू नका, फुटतो. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, अगदी मरतानाही. खायला मागतानाच्या घुरघुरीत तर बारीक रडका सूर मिसळलेला असतो. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅककोम्ब यांनी २००९ मध्ये ते आवाज मोजून दाखवलं.

अर्थात, प्रत्येक ओरडणं म्हणजे आजार नव्हे. मांजरी मागचा भाग वर करून लोळत रात्रभर आळवत असेल तर माजावर आलीय. आठवडाभर चालेल, बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ऑपरेशन करून टाका. म्हातारं मांजर अचानक रात्री रडायला लागलं तर थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या.

कण्हतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ते विष आहे. आणि एरंडेलही नको, मामा.