बळजबरी, सक्ती की जाच?

कोथरूडच्या एका ताई भाषांतराचं काम करतात, त्यांचा प्रश्न आलाय. मजकूर ब्रिटनमधल्या कायद्याचा आहे, जोडीदाराला सतत दडपणाखाली ठेवून त्याच्यावर गंभीर परिणाम झाला तर कडक शिक्षा, अशा आशयाचा. त्यातल्या 'कोअर्शन'ला त्यांनी 'बळजबरी' लिहिलं, तपासणाऱ्याने ते खोडून 'सक्ती' केलं, तर बरोबर कोणतं?

माझं मत, इथे दोन्ही नकोत.

सक्ती फारसी 'सख्त'वरून आली, पण मराठीत तिला नियमाचा वास आहे. पुण्यात हेल्मेटसक्ती म्हणतात ना, तशी. सक्ती सरकार करतं, शाळा करते, ती जाचक वाटली तरी गुन्हा असेलच असं नाही, त्यामुळे 'पत्नीवर सक्ती' म्हटलं की गुन्ह्याचं गांभीर्यच निघून जातं.

बळजबरीत मात्र गुन्हा आहे, पण ती एका प्रसंगाची असते. हाताला धरून ओढत नेलं, अंगठा उठवून घेतला, की झाली बळजबरी. ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे, मनुस्मृतीत आठव्या अध्यायात म्हटलंय की बळाने दिलेलं, बळाने भोगलेलं, बळाने लिहून घेतलेलं सगळं न केल्यासारखंच धरावं. कायद्याच्या मराठीतही 'जबरी चोरी' आहेच.

आता ताईंच्या मजकुरातला गुन्हा बघा. इंग्लंड-वेल्समध्ये 2015 च्या कायद्याचं कलम 76 आहे, जास्तीत जास्त 5 वर्षं कैद, आणि स्कॉटलंडच्या 2018 च्या कायद्यात तर 14 वर्षांपर्यंत. कलम 76 मध्ये मारहाण व्हायलाच हवी असं नाही, वागणं वारंवार किंवा सतत चालू असलं पाहिजे आणि त्याचा परिणाम गंभीर पाहिजे, म्हणजे निदान दोनदा तरी मारहाणीची भीती वाटली, किंवा इतका त्रास झाला की रोजचं जगणंच बिघडलं. याला बळजबरी कसं म्हणणार, इथे हात उचललेलाच नसतो कित्येकदा!

आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो तेव्हा समोरच्या खोलीत एक काकू होत्या. काकांनी कधी बोट लावलं नाही त्यांना. पण भाजीला जाताना हातावर मोजून पैसे, आल्यावर पिशवी ओतून हिशेब, माहेरच्या फोन नंबरांची वही काकांच्या कपाटात कुलपात. जिन्यात काकांची चप्पल वाजली की काकू बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून आत जायच्या. माझी आजी म्हणायची, "मारत नाही गं तो, पण जाच आहे हो तिला."

हाच तो शब्द, जाच. त्याच्याच जोडीला काच, सासरचा काच म्हणतात तो. परकराची नाडी कमरेला काचते ना, कोणी फटका मारलेला नसतो पण संध्याकाळी सोडली की लाल वळ दिसतो. एका क्षणाचं नाही, दिवसभराचं काम आहे ते. पोलिसांच्या, बातम्यांच्या भाषेत 'जाचहाट' आहे, तोही चांगला शब्द आहे.

पण याच शब्दाची एक वाईट सवय आपल्याला लागलीय आणि ती मला फार खुपते. 'सासरच्या जाचाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.' कंटाळून? कंटाळा रांगेत उभं राहून येतो, तोच तोच डबा खाऊन येतो. माणूस जिवाला मुकतो ते कंटाळून नाही, आणि त्या एका शब्दाने करणारे बाजूला राहतात, सगळं गेलेल्या बाईवर येतं, जणू तिलाच धीर धरवला नाही. कायदा बघा कसा बोलतो, 'आत्महत्येस प्रवृत्त करणे', भारतीय न्याय संहितेचं कलम 108, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. तिथे करणारा समोर उभा आहे. मथळ्यात 'जाचामुळे' लिहिलं तर एक अक्षरही वाढत नाही.

धमकीसाठी कायद्याच्या मराठीत 'धाकदपटशा' रुळलाय, जुन्या दंडसंहितेत 503, आता 351, साधी शिक्षा 2 वर्षांपर्यंत, जिवे मारण्याची किंवा जबर दुखापतीची धमकी असेल तर 7 पर्यंत. त्यातला धाक आपल्याला इथे उपयोगी आहे. तेव्हा ताई, तुम्ही 'जोडीदाराला सतत धाकात ठेवून त्याचा जाच करणे' असं लिहा, पुढे नुसतं 'जाच' पुरेल. आणि पुढच्या परिच्छेदात त्या बाईकडून घराच्या कागदावर सही घेतल्याचा उल्लेख आहे म्हणालात ना, तिथे तुमची 'बळजबरी' तशीच राहू द्या.