तेर्स अर्ध्यावर राहिला तर?

वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यातल्या ख्रिस्ती बायकांकडून एक प्रश्न मला समुपदेशन करताना वरचेवर ऐकायला मिळतो. प्रार्थनेत मन लागत नाही, मधेच डोळा लागतो, मग असली प्रार्थना देवाला चालते का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे काय दडलंय ते उकरून बघावं लागतं. कुणाच्या मागे नुसता थकवा असतो, कुणाच्या मागे नवऱ्याची दारू, कुणाच्या मागे भीती. ही हकिगत भीतीची. मावशींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, काजूच्या कारखान्यात गर सोलायच्या कामाला. मुलगा बोटीवर, मालवाहू जहाजावर खलाशी. मागच्या खेपेला तो शिडीवरून घसरला आणि मनगट मोडलं. बातमी वाडीत पसरली तेव्हा प्रार्थनागटातल्या एकीने सहज विचारलं, "त्या दिवशी तेर्स चुकलो काय गो तुझो?"

तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना: पाच दशकं, प्रत्येकात दहा मणी, दर मण्याला एक 'प्रणाम मारिये'. तो नेमका चुकलेला होता. त्या रात्री मावशींना तिसऱ्या दशकातच झोप लागली होती.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या सुरू झाल्या. पुरा झालेला दिवस कोरा, अर्धवट राहिला की फुली. "तेर्स अर्धो रवलो काय माका वाटता, झिलाक कायतरी होतला. मगे मी परत सुरवातीपासून धरतंय," त्या म्हणाल्या. एका रात्रीचं तासातासाने सांगा म्हटलं. साडेनऊला माळ हातात, पावणेदहाला पहिली डुलकी, जाग आली की पुन्हा पहिला मणी. असं करत कधी साडेबारा, कधी एक. पहाटे पाचला उठून चूल-पाणी आणि आठला कारखाना. पाच दशकांची माळ एरवी वीसेक मिनिटांत होते.

आधी झोपेचं आणि अंगातल्या अशक्तपणाचं बघायला मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. याबद्दल जास्त लिहीत नाही, पण भक्ती कमी पडते असं म्हणणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन एकदा तपासावं, असं माझं मत आहे.

भीती मात्र गोळीने जाणारी नव्हती. मी म्हटलं, "मावशी, त्या बोटीवर कॅप्टन आहे, इंजिनीअर आहे, रात्रपाळीला जागणारी माणसं आहेत."

"आणि देव खंय गेलो?"

"तेच तर विचारते. तो तिथे आहे ना? मग तुम्हाला झोप लागली की तो पण झोपतो?"

त्या हसल्या. मग आम्ही बायबलातलं १२१ वं स्तोत्र काढून वाचलं. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मावशींना ते तोंडपाठ होतं, पण आपल्या माळेशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. आपल्या पन्नास 'प्रणाम मारिये'वर जहाज तरंगतंय, असं मानणं दिसायला भक्ती दिसतं. त्यात नम्रता मात्र नाही. हे मी तोंडावर बोलले नाही, त्यांनीच पुढे कधीतरी ते वेगळ्या शब्दांत बोलून दाखवलं.

भीती धर्माच्या भाषेत असली की परवानगीही त्याच भाषेत मिळावी लागते. म्हणून त्यांना विचारून मी त्यांच्या फादरांशी बोलले. फादरांनी त्यांना लिझ्यूच्या संत तेरेजाचं सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये राहून तिलाही प्रार्थनेच्या वेळी झोप लागायची. ती म्हणायची, लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच प्रिय असतात. आणि फादरांनी एक सक्त सूचना केली: झोप लागली तर तेर्स तिथेच संपला, परत पहिल्या मण्यावर जायचं नाही. लोयोलाचे संत इग्नाती १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला असताना असल्याच शंकांनी पोखरले होते. आपलं पापनिवेदन पुरं झालंच नाही असं वाटून ते जीव द्यायच्या बेतात आले होते. जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं ठरवलं तेव्हा कुठे सुटले.

मग "निरंतर प्रार्थना करा" याचं काय? हे मावशींचं ठेवणीतलं हत्यार. बायबलात, संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते आहे खरं. पण त्याच पत्रात पौल सांगतो की कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो. तो तंबू करायचा. म्हणजे निरंतर प्रार्थना लिहिणाऱ्याचे हात कामातच होते.

तेव्हा कामातच प्रार्थना ठेवू, असं आम्ही ठरवलं. भट्टीतून आलेला गर समोर येतो, लहान सुरीने तांबूस साल काढायची, अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. मजुरी किलोवर. एका ट्रेला एक वाक्य: "देवा, त्याच्यासोबत रहा." पंधरा दिवसांनी मावशी आल्या त्या ट्रेचा हिशेब घेऊनच! परवा दोन ट्रे विसरलंय, म्हणाल्या. भीती अशी चिवट असते, नवं काही दिलं की त्याचीही फुली करते. मग ट्रे सोडून दिले. मुलगा मनात आला की तेवढंच म्हणायचं आणि सुरी चालू ठेवायची. नाही आला, तर नाही.

रात्रीचा तेर्स बंद केला नाही. नवऱ्याबरोबर जेवणाआधी एकच दशक, जाग असताना. पहिले काही आठवडे अंथरुणात पडल्यावर त्यांची बोटं मणी शोधायची, छातीत धडधडायचं. ती धडधड उठून माळ न घेता सोसायची, हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. आताही मुलाचा फोन चार दिवस लागला नाही की त्या माळ घेऊन बसतात. मी हरकत घेत नाही. आईने लेकासाठी मागू नये असं थोडंच आहे? बारापर्यंत बसत नाहीत, एवढं पुरे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचे असे तासन् तास जात असतील, थांबवू म्हणता थांबवता येत नसेल, तर नुसत्या समुपदेशनावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. प्रार्थनागटांनाही एक विनंती: कुणाच्या घरी अपघात झाला तर जेवणाचा डबा घेऊन जा. तेर्स चुकला का, हे विचारू नका.

ऑक्टोबरात, म्हणजे जपमाळेच्या महिन्यात, त्याच बाईने मावशींना पुन्हा विचारलं म्हणे. मावशी म्हणाल्या, "होय गो, चुकलो. माका निज इली."