फायनल, फायनल-२ अन् हळदीचे फोटो

अरे गड्या,

तू पाठवलेली झिप काल रात्री उघडली. वसमतच्या त्या हळदीच्या अडत्याची साईट दिसायली मस्त, पिवळा रंग तर एक नंबर, पण आतलं फोल्डर बघून मी डोकंच धरलं. सगळ्या फाईली एकाच जागी, त्यात नवीन, नवीन-२, फायनल, फायनल-फायनल, अन् व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो त्याच लांबलचक नावांनी तसेच टाकलेले. त्या अडत्याच्या गोदामात हळदीच्या पोत्यांत तुरीचं पोतं घुसलं तर तो हमालाला किती बोलतो, विचार त्याला एकदा.

"लॅपटॉपवर लोगो दिसतोय, सर्व्हरवर दिसंना" म्हणालास ना, त्यात होस्टिंगवाल्याचा काही दोष नाही, उगं फोन करून भांडू नको. तुझ्या विंडोजला फाईलच्या नावातलं कॅपिटल काय अन् स्मॉल काय, सगळं सारखंच. होस्टिंगच्या सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम आहे, त्याला ती दोन वेगळी नावं. तुझ्या लोगोच्या फाईलच्या नावातलं शेवटचं जेपीजी कॅपिटलमधी आहे अन् कोडमधी स्मॉल, एवढंच झालंय. म्हणून नावं कायम स्मॉलमधीच दे. अन् गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरत असशील तर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलेलं विंडोजवर गिटच्या ध्यानातच येत नाही बऱ्याचदा, तिथं गिट एमव्ही कमांडनं नाव बदल. या एका गोष्टीपायी माझी आख्खी दुपार गेलेली आहे.

नावात स्पेस नको, हायफन टाक. अन् फाईलचं नाव मराठीत ठेवायचा मोह होतो, मलाही व्हायचा, पण देवनागरीचं एक अक्षर तीन बाईटचं असतं, लिंक कॉपी करून पाठवली की एकेका बाईटची तीन चिन्हं होऊन नुसत्या "हळद"ची टक्क्याच्या खुणांसकट २७ चिन्हं होतात, गिऱ्हाईक म्हणतं व्हायरस आला. पानावर पाहिजे तेवढं मराठी लिही, फाईलचं नाव तेवढं इंग्रजी अक्षरात. तारीख टाकायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात.

फोल्डरचं म्हणशील तर इंडेक्स फाईल, म्हणजे साईटचं पहिलं पान, बाहेर, बाकी सीएसएस (रंगरूपाच्या फाईली), जेएस (जावास्क्रिप्टचा कोड), इमेजेस आपापल्या जागी, फोटोंत वर्षावारी. बास. लई खोल जाऊ नको, फोल्डरात फोल्डर करत बसलास की पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, लिहिताना तूच चुकशील.

पण हे सगळं साईट लोकांत जायच्या आधी कर, नंतर नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. मी एका शाळेची साईट केली होती, एका रविवारी साफसफाईची हुक्की आली अन् फॉर्म्स नावाचं फोल्डर डाउनलोड्स केलं. शाळेनं प्रवेशाच्या पत्रकावर जुनी लिंक छापलेली, ते मला माहीतच नव्हतं. सोमवारी सकाळी पालक गेटवर उभे अन् हेडमास्तरांचा फोन मला. वेब ज्यांनी काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मधीच लिहून ठेवलंय की चांगला पत्ता बदलत नसतो, मी ते वाचलेलंही होतं, तरी! मग सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीअ‍ॅक्सेस फाईलमधी ३०१ रिडायरेक्टची, म्हणजे पत्ता कायमचा बदलला असं सांगणारी, एक ओळ टाकली तेव्हा जुनी लिंक नव्या जागेवर जायला लागली. तुला कधी नाव बदलावंच लागलं तर ती ओळ त्याच मिनिटाला टाकायची, उद्या नाही.

अजून एक, पब्लिक एचटीएमएलमधी, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांना उघड्या फोल्डरात, तू बॅकअपची झिप ठेवलीस ती आजच काढ. नाव ओळखलं की कुणीही ती डाउनलोड करू शकतो, अन् आत डेटाबेसचा पासवर्ड आहे, मी बघितला. काढून झालं की पासवर्ड पण बदल. अन् तो पासवर्ड अडत्याचा मोबाईल नंबर आहे, काय बोलावं तुला.

लाईव्हवर बाकी कशाला हात लावू नको. कॉपी घेऊन ये रविवारी, दोघं बसून नावं लावू. लॅपटॉप फुल चार्ज करून आण, आमच्याकडं दुपारी लाईट जायलीय.

तुझा,
दादा