पार्क बंद, काम चालू

हंगाम संपला की मनोरंजन पार्कची दारं बंद होतात आणि आत नवी राइड उभी राहायला लागते. हे बांधकाम दुरून, चिकाटीने पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी एकदम आली आहेत. पोलादी सांगाडे उभारण्याच्या साइटवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि रोलर कोस्टरचं वेड त्याच्याही आधीपासूनचं आहे. त्यामुळे या वेळचं पूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या आवडत्या पार्कात नवी कोस्टर येणार आहे. पार्क बंद झाल्यापासून मी तिथला प्रत्येक फोटो पाहतो, पण सगळीकडे नुसता चिखल आणि खड्डे. ट्रॅकचा पत्ताच नाही. ग्रुपमध्ये काही जण म्हणतात, पैसे संपले, काम बंद पडलं. हे खरं असेल का?
— अकरावीतला वाचक

चिखल ताजा दिसतोय ना? मग काम जोरात चालू आहे. बंद पडलेल्या साइटवर चाकांचे माग बुजतात आणि खड्ड्यांत पाणी साचून राहतं. तू पाहतोयस तो पायाचा टप्पा आहे. माझ्या मते सगळ्या बांधकामात पाहण्यासारखं सर्वांत जास्त इथेच असतं, पण क्रेन येईपर्यंत कुणी नीट बघत नाही.

एकेका खांबासाठी खड्डा खणतात, सळयांचा पिंजरा उतरवतात, बोल्ट बसवतात आणि मग काँक्रीट ओततात. काँक्रीट सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद धरतं. हिशेबात धरायची ताकद मोजतात ती 28 दिवसांची. त्यातून हे काम थंडीतलं. पारा 5 अंशांच्या आसपास उतरला की सिमेंट जमण्याची प्रक्रिया मंदावते आणि ओल्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ते काँक्रीट कायमचं कमकुवत राहतं. म्हणून तुला फोटोत पायांवर जाड आच्छादनं टाकलेली दिसतील. त्यांच्याखाली काँक्रीट उबेला ठेवलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, आठवडाभर कुणी इकडे फिरकलंच नाही.

आता एखादा फोटो मोठा करून पायाचा माथा बघ. काँक्रीटमधून वर आलेल्या बोल्टांचं एक कडं दिसेल. त्यांच्या आट्यांना सिमेंट लागू नये म्हणून टोकांना प्लास्टिक किंवा टेप गुंडाळलेली असते. काँक्रीट ओतताना हे बोल्ट हलू नयेत म्हणून ते भोकं पाडलेल्या साच्यात पकडून ठेवतात आणि सर्व्हेअर यंत्र लावून एकेकाची जागा तपासतो. एवढी काळजी घेण्याचं कारण म्हणजे ट्रॅकचे तुकडे कारखान्यातून वाकवून, वेल्डिंग करून तयारच आलेले असतात. ते साइटवर ओढून-ताणून बसवता येत नाहीत. खाली बोल्ट जरासा सरकला की उंच खांबाच्या टोकाला ती चूक कितीतरी मोठी होते. खांबाच्या बुडाची पोलादी पट्टी, म्हणजे बेसप्लेटही, थेट काँक्रीटवर टेकवत नाहीत. ती खाली घातलेल्या नटांवर उभी राहते, ते नट फिरवून खांब ओळंब्यात आणतात आणि मग मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतात. ही फट भरली की तो खांब पक्का झाला समज. तुझ्या पुढच्या फोटोंत ती शोध.

पाया वाचायलाही शीक. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर पाये दिसले तर तिथे बहुधा लिफ्ट, म्हणजे गाडी वर ओढून नेणारा चढ, नाहीतर ब्रेकची लांब पट्टी येणार. पाये दाटीवाटीने, वेगवेगळ्या कोनांत असतील तर तिथे वळण आहे. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला रेटा देते, म्हणून तिथले खांब तिरके देतात, आधाराला जोडखांब येतात आणि पायेही दणकट असतात. जाणकार चाहते एवढ्यावरून सगळा मार्ग कागदावर उतरवतात आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो.

काम खरंच थांबलंय का, हे ग्रुपमधल्या गप्पांवरून ठरवू नकोस, सरकारी कागद बघ. अमेरिकेत 200 फुटांहून, म्हणजे सुमारे 61 मीटरहून, उंच काही उभारायचं असेल तर विमान वाहतूक प्रशासनाला आधी कळवावं लागतं आणि त्या नोंदी कुणालाही पाहता येतात. ब्रिटनमध्ये नियोजन परवानगीसाठी दिलेले आराखडे जाहीर होतात. थॉर्प पार्कमधली 72 मीटर उंचीची हायपेरिया ही कोस्टर मे 2024 मध्ये सुरू झाली, पण तिची उंची आणि वळणं चाहत्यांना पाया खणायच्या आधीपासून पाठ होती, ती या आराखड्यांमुळेच.

प्रश्न : माझी मुलगी रोज रात्री जेवण झालं की एका पार्कच्या कॅमेऱ्याचं चित्र लावून बसते आणि वहीत काहीबाही टिपत राहते. अभ्यासात कमी नाही, पण एका पाळण्याचं बांधकाम महिनोन्‌महिने बघण्यात काय मिळतं, ते मला समजत नाही. तिला आवरू का?
— एक आई

ताई, आवरू नका. एकदा ती वही मागून घ्या आणि तिच्या शेजारी बसून वाचा. कुठला तुकडा कोणत्या तारखेला चढला, क्रेन कुठून कुठे हलली, कुठल्या दिवशी वाऱ्यामुळे काम थांबलं, अशा नोंदी त्यात असणार. नेमकं बघणं, ते लिहून ठेवणं आणि त्यावरून अंदाज बांधणं ही सवय पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडते. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या इंजिनिअरांना ती लावायला मला फार वेळ लागायचा.

या वेडात बुद्धीचं काम किती असतं, याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कात मीन स्ट्रीक नावाची 1991 सालची लाकडी कोस्टर होती. सप्टेंबर 2016 मध्ये ती बंद झाली. पुढे काय होणार, हे पार्कने सांगितलं नाही. पण थोड्याच दिवसांत त्या लाकडी सांगाड्यावर माणसं चढलेली दिसू लागली, लाकडी ट्रॅक निघू लागला आणि त्या जागी पोलादी ट्रॅक आला. जुन्या राइडची उंची 49 मीटर होती आणि सांगाडा त्याच्याही वर चढत चालला होता. पार्कने ऑगस्ट 2017 मध्ये स्टील व्हेन्जन्स या नावाने घोषणा केली, तेव्हा दुरून पाहणाऱ्यांना त्यात नवल वाटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मे 2018 मध्ये ती सुरू झाली, उंची 62 मीटर.

ओहायो राज्यात बटाव्हिया इथे क्लेरमाँट स्टील नावाचा कारखाना आहे. बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीच्या कितीतरी कोस्टरांचा ट्रॅक तिथे तयार होतो. त्याच्या आवारात कुठल्या रंगाचे तुकडे येऊन पडले आहेत, यावर चाहते नजर ठेवून असतात आणि ते कोणत्या पार्कात जाणार यावर वाद घालतात. तुमची मुलगी या लोकांपैकी आहे. झोपेची वेळ तेवढी सांभाळायला सांगा. शेवटचा ट्रॅक जोडला जाईल त्या दिवशी मात्र तिला उशिरापर्यंत जागू द्या.

प्रश्न : नव्या राइडची पहिली चाचणी आम्ही दुरून पाहिली. गाडी दोन टेकड्यांच्या मध्ये अडकली, पुढेमागे डोलत राहिली आणि थांबली. माणसं बसल्यावर असं झालं तर? मला तर आता तिच्यात बसायची भीती वाटते.
— एक वाचक

भीती वाटणं मी समजू शकते, पण तुम्ही पाहिलं ते होण्याची जागा हीच. लिफ्टवरून सुटल्यावर कोस्टरच्या गाडीला बहुतेक वेळा इंजिन नसतं. वर चढताना मिळालेली ऊर्जा शेवटपर्यंत पुरवायची. नव्या गाडीचे बेअरिंग घट्ट असतात, ग्रीस थंडीने दाटलेलं असतं, चाकांवरचं पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं, आवरण गारठून कडक झालेलं असतं. त्यात गाडी रिकामी, म्हणजे हलकी आणि समोरून वारा. अशा सकाळी ती एखाद्या टेकडीला कमी पडू शकते. मग ती खोलगट भागात येऊन थांबते आणि तिला दोरखंडाने किंवा क्रेनने बाहेर काढावं लागतं. हे खर्चिक आणि कंटाळवाणं काम आहे, पण इंजिनिअरला त्यातून फार मोलाची गोष्ट कळते : किती थंडीत, किती वाऱ्यात ही राइड चालवायचीच नाही. उघडल्यानंतर एखाद्या गार सकाळी तुम्हाला राइड बंद दिसली, तर त्यामागे बहुधा या चाचण्यांत ठरलेली मर्यादा असते.

पहिली फेरी सुटण्याच्या आधीही बरंच काही झालेलं असतं. गाडीवर एक चौकट बसवतात. हातपाय पूर्ण ताणलेला उंच माणूस जितकी जागा घेईल, तेवढा तिचा आकार. ती गाडी सगळ्या मार्गावरून हळूहळू ओढत नेतात. चौकट कुठे खांबाला, कुठे झाडाच्या फांदीला घासली तर अडथळा तिथेच दूर करायचा. त्यानंतर रिकाम्या फेऱ्या, मग पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्या. सीटवर लावलेली यंत्रं प्रत्येक वळणावर शरीराला बसणारा जोर नोंदवतात आणि तो अमेरिकी एएसटीएम एफ 2291 किंवा युरोपीय ईएन 13814 अशा मानकांतल्या मर्यादांशी पडताळतात. मार्गाचे ‘ब्लॉक’ पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी अडकली तर मागची अलीकडच्या ब्रेकवर थांबलीच पाहिजे. चाचणीत हे मुद्दाम घडवून पुन्हा पुन्हा तपासतात. मी तर अडखळत-अडखळत चाचण्या झालेल्या राइडवर निश्चिंत मनाने बसते.

प्रश्न : ‘वसंतात सुरू’ असं जाहीर केलं होतं. आता उन्हाळा म्हणतात. ही फसवणूक नाही का?
— सीझन पास घेतलेला वाचक

उशिराचा त्रास खरा आहे. नव्या राइडच्या नावावर पास विकला असेल तर पार्कने नवी तारीख आणि उशिराचं कारण स्पष्ट सांगायलाच हवं, आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण कारणं बहुतेक वेळा साधी असतात. वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की क्रेन थांबवावी लागते. धातूवर दव असताना रंग धरत नाही. कारखान्यातून एक तुकडा उशिरा आला की पुढचे सगळे खोळंबतात. घाई करून चाचण्या कापण्यापेक्षा तारीख पुढे गेलेली मला केव्हाही चालेल.

प्रश्न : आम्ही काही मित्र कुंपणालगत उभे राहून फोटो काढतो. एकाला ड्रोन उडवायचा आहे. पार्कवाले आम्हाला त्रासदायक समजतात. आमचं काही चुकतं का?
— बांधकामाचे चाहते

रस्त्यावरून, कुंपणाबाहेरून फोटो काढण्यात काही चूक नाही. ड्रोन मात्र नको, आणि हे मी साइटवरच्या माणसांच्या बाजूने सांगते आहे. ट्रॅकचा तुकडा क्रेनला टांगलेला असतो. वर दोन माणसं पट्ट्याने स्वतःला बांधून बसलेली असतात आणि फ्लँजची, म्हणजे तुकड्यांच्या टोकांना असलेल्या जोडपट्ट्यांची, भोकं समोरासमोर आणून त्यांत बोल्ट सरकवायची वाट बघत असतात. त्यांचं सगळं लक्ष त्या तुकड्यावर आणि क्रेनवाल्याला मिळणाऱ्या इशाऱ्यांवर असतं. अशा वेळी डोक्याशेजारी ड्रोन भणभणायला लागला तर जीव जाऊ शकतो. कुंपण ओलांडून आत शिरणं तर सोडूनच द्या. उघड्या सळया आणि झाकलेले खड्डे अंधारात दिसत नाहीत.

पण तुमच्यासारख्यांच्या बघण्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कात 2015 साली सुरू झालेली फ्युरी 325 नावाची कोस्टर आहे, 99 मीटर उंच. 30 जून 2023 रोजी तिथल्या एका पाहुण्याला तिच्या एका खांबाला आरपार भेग गेलेली दिसली. गाडी वरून गेली की खांबाची दोन टोकं एकमेकांपासून सरकत होती. त्याने व्हिडिओ काढला, पार्कला कळवलं आणि राइड बंद झाली. खांब बदलून, नव्याने तपासण्या करून ती ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. आधीच्या दिवसांत इतर पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंतही ती भेग होती, हे नंतर लक्षात आलं. ज्याला ती राइड रोजच्या पाहण्यातली आहे, त्याच्या नजरेला असा फरक चटकन कळतो.

म्हणून तुम्हाला कधी काही खटकलं, तर ते आधी ग्रुपवर टाकू नका, पार्कच्या सुरक्षा विभागाला फोन करा. उत्तर मिळालं नाही तर त्या भागात राइडची तपासणी करणारं जे सरकारी खातं असेल त्याला कळवा. खांबावर क्रमांक असेल तर तो सांगा. क्रमांक दिसत नसेल तर लिफ्टपासून कितवा खांब ते मोजून सांगा. फोटोपेक्षा व्हिडिओ चांगला आणि त्यात वरून गाडी गेली पाहिजे, कारण कित्येक भेगा भार आल्याशिवाय उघडत नाहीत. दिवस आणि वेळ लिहून ठेवा. मूळ फाइल आहे तशी जपा, तपासणाऱ्यांना तीच लागते.