एकाच डोळ्याने दिसत असेल तर वस्तूंचं अंतर कळतं का?

हो, कळतं, विशेषतः डोकं किंवा शरीर थोडं हलवलं तर. आपण बाजूला सरकलो की जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर जास्त सरकते, लांबच्या वस्तूची कमी. या फरकावरून पुढे काय आणि मागे काय, हे मेंदू ठरवतो. धावत्या गाडीतून रुळालगतचे खांब सपासप मागे पळतात आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही, ते यामुळेच. दोन डोळ्यांत साधारण 6 सेंटिमीटर अंतर असतं. एका डोळ्याने पाहताना डोकं तेवढंच सरकवलं तरी जवळपास तीच माहिती मिळते, फक्त एकदम नव्हे, एकामागून एक. 1979 मध्ये ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं. पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके, पाहणारा डोळा एकच. डोकं हलेल त्या प्रमाणात ठिपके सरकवले, की सपाट पडद्यावर चढउतार स्पष्ट दिसत. (एरवी तिथे ठिपक्यांशिवाय काहीच नव्हतं!)

मात्र यातून चांगला कळतो तो पुढचा-मागचा क्रम. नेमकं किती फूट, हे ठरवायला आपण स्वतः किती वेगाने हललो याचा अंदाजही मेंदूला लागतो, आणि वस्तूच हलत असेल तर गोंधळ वाढतो. म्हणून डोळा नुकताच गेला असेल, तर कपात चहा ओतणं, सुई ओवणं किंवा फेकलेला चेंडू झेलणं सुरुवातीचे काही महिने चुकत राहतं.