मिरजेहून यॉर्कशायरला येतेस, तर गाडीच्या लायसन्सचं हे आधी वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं मिरज-सांगली रोज स्वतः गाडी चालवतेस, सप्टेंबरात यॉर्कशायरच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायचंय, नवरा आणि मुलगी सोबत येणार. आपलं लायसन्स तिकडे चालतं का, टेस्ट द्यावी लागली तर ती अवघड असते का, आणि ती ऑटोमॅटिकवर द्यावी की गिअरच्या गाडीवर. तू मला ताई म्हणालीस, म्हणून मी सरळ तूच म्हणते. मी साताऱ्याची, मीही नर्सच, लीड्समध्ये नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी माझ्याकडून जे चुकलं ते तुझ्याकडून चुकू नये म्हणून सविस्तर लिहितेय.

आपलं लायसन्स चालतं, पण बाराच महिने. तू इथली रहिवासी झालीस त्या दिवसापासून मोजायचे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांचं लायसन्स देऊन इथलं घेता येतं. भारत त्या यादीत नाही. म्हणजे वीस वर्षं घाटात ट्रक चालवलेल्या माणसालाही इथे शिकाऊ लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. (हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.)

हे बारा महिने फार फसवे असतात. पहिले दोन घर, शाळा, बँक यात जातात. मग नवीन वॉर्ड, नाइट ड्यूट्या. मग डिसेंबर येतो, दुपारी चारलाच अंधार पडतो, आणि आपण म्हणतो, उन्हाळा लागला की बघू. मी अगदी असंच केलं. एप्रिलमध्ये जागी झाले तेव्हा प्रॅक्टिकलची तारीख महिनोन् महिने मिळत नव्हती. माझं वर्ष संपलं आणि एके दिवशी दारात गाडी उभी असून मला ती चालवता येईना. सकाळी साडेसातच्या ड्यूटीसाठी साडेपाचला उठून दोन बस बदलत मी पाच महिने काढले. लेक तेव्हा चार वर्षांची होती, तिला झोपेतच सोडून निघायचे. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

म्हणून राहायचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सचा अर्ज कर. इथे त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. सरकारी वेबसाइटवरून ३४ पाउंड, पोस्टाने ४३. कागदपत्रं पोस्टाने पाठवायला सांगितली, तर पासपोर्ट काही दिवस हातात नसेल. त्या काळात भारताचं तिकीट काढू नकोस. आणि एक भीती आत्ताच काढून टाक, कारण ही मला प्रत्येक जण विचारतो: प्रोव्हिजनल घेतलं की आपलं भारतातलं लायसन्स बाद होतं का? नाही होत. बारा महिने संपेपर्यंत तू आपल्या लायसन्सवर एकटी, एल पाटी न लावता, मोटरवेवरसुद्धा गाडी चालवू शकतेस. प्रोव्हिजनलचे नियम तुला लागू होतात ते बारा महिने उलटल्यावर.

उलटल्यावर मात्र फार जपायचं. तेव्हा शेजारी बसणारी व्यक्ती किमान एकवीस वर्षांची हवी आणि तिच्याकडे इथलं किंवा युरोपातलं पक्कं लायसन्स तीन वर्षं झालेलं हवं. तुझा नवरा पंधरा वर्षं गाडी चालवत असला तरी त्याचं भारतीय लायसन्स इथे धरत नाहीत. आपले पुष्कळ लोक नेमके इथे अडकतात. नवराबायको दोघं निघतात, एल पाटी लावलेली असते, सगळं नियमात आहे असं वाटतं. पण कायद्याने ती विनालायसन्स गाडी ठरते आणि मग विमाही उपयोगाचा राहत नाही. पोलीस गाडी जागेवर जप्त करू शकतात.

आता थिअरी, म्हणजे लेखी परीक्षा. ५० प्रश्न, ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर हवेत. फी २३ पाउंड. तू नर्सिंगच्या परीक्षा दिल्या आहेस, हा भाग तुला जड जाणार नाही. फक्त आपल्या अंदाजावर जाऊ नकोस, हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतुकीच्या नियमांचं सरकारी पुस्तक, नीट वाच. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगचेच झेब्रा, पेलिकन, पफिन, टूकन असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. दुसरा भाग हॅझार्ड परसेप्शनचा, आपल्या लोकांची तयारी कमी पडते ती इथे. रस्त्याच्या १४ व्हिडिओ क्लिप दाखवतात. समोर धोका तयार व्हायला लागला की माउस क्लिक करायचा, जितकं लवकर तितके गुण जास्त. ७५ पैकी ४४ लागतात. आपल्याला गर्दीत चालवायची सवय, त्यामुळे प्रत्येक गोष्ट धोकाच वाटते आणि आपण टकाटका क्लिक करत सुटतो. तसं केलं की त्या क्लिपला शून्य. सराव केल्याशिवाय जाऊ नकोस. थिअरी पास झाल्यावर प्रॅक्टिकलसाठी दोन वर्षं असतात, पण प्रॅक्टिकलची तारीख थिअरी पास झाल्याशिवाय घेताच येत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या आत ती उरकून टाक.

प्रॅक्टिकलची फी कामाच्या दिवशी ६२ पाउंड, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ७५. तारीख फक्त सरकारी वेबसाइटवरून घे. लवकरची तारीख मिळवून देतो म्हणून जास्त पैसे मागणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. तारीख बदलायची असेल तर पूर्ण दहा कामाचे दिवस आधी बदलावी लागते, नाहीतर फी बुडते. तेव्हा रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नकोस आणि वॉर्डच्या सिस्टरला आधीच सांगून ठेव. थंडीतली तारीख मिळाली आणि त्या दिवशी बर्फ पडला तर टेस्ट रद्द होते, पण त्याची दुसरी तारीख फुकट देतात.

टेस्टला साधारण चाळीस मिनिटं लागतात. सुरुवातीला वीस मीटरवरून एका गाडीचा नंबर वाचायला लावतात. तो वाचता आला नाही तर टेस्ट तिथेच संपते. चष्मा असेल तर नवा करून आण. मग गाडीबद्दल दोन साधे प्रश्न, एखादा रिव्हर्सचा प्रकार, आणि बराच वेळ सॅटनॅव्ह (गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र) किंवा पाट्या बघून स्वतः चालवणं. वाट चुकलीस तरी गुण जात नाहीत. छोट्या चुका १५ पर्यंत चालतात, पण गंभीर चूक एक जरी झाली तरी फेल.

माझी ती एक झाली. फेल झाल्यावर पुन्हा द्यायला किमान दहा कामाचे दिवस थांबावं लागतं आणि तारखेची रांग वेगळीच, म्हणून नेमकं काय घडलं ते सांगते. परीक्षकांनी डाव्या बाजूला गाडी घ्यायला सांगितली, मग पुन्हा निघायला. मी आतला आरसा बघितला, उजवा बघितला, इंडिकेटर दिला आणि क्लच सोडला. उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघितलं नाही. आरशात न दिसणाऱ्या त्या जागेत एक सायकलवाला होता. परीक्षकांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा मला त्याचा पिवळा जाकीट घातलेला हात खिडकीशी दिसला. त्याला काही झालं नाही, तो पुढे गेला. माझे पाय पुढची पंचवीस मिनिटं थरथरत होते. बाकी सगळ्या टेस्टमध्ये चारच छोट्या चुका होत्या.

त्यानंतर मी दुसरे इन्स्ट्रक्टर शोधले, साठीच्या पुढचे. पहिल्याच तासाला त्यांनी मला दहा मिनिटं काही न बोलता चालवू दिलं आणि मग एवढंच विचारलं, आपल्या मागच्या गाडीचा रंग कोणता? मला सांगता आला नाही. चार मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा नाही आला. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी फक्त समोर बघून गाडी चालवत होते. मागच्यांनी हॉर्न वाजवून आपण आहोत हे कळवायचं, अशीच आपल्या रस्त्याची रीत. इथे हॉर्न कोणी वाजवत नाही, त्यामुळे मागे-बाजूला कोण आहे हे तुझं तुलाच शोधावं लागतं. पुढचे आठ तास मी मोठ्याने बोलत गाडी चालवली: निळी व्हॅन मागे, लांब, डावीकडे बाई, मुलाचा हात धरलेला, पुढे बस थांबलीय, माणसं उतरतील. दुसऱ्या वेळी मी पास झाले. ही बोलत चालवायची सवय तू मिरजेतच आजपासून लाव, मराठीत लाव, त्याला एक रुपया पडत नाही. आणि दर वेळी निघताना उजव्या खांद्यावरून मान वळव.

आपल्या आणखी काही सवयी मोडाव्या लागतात. खंबाटकी घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे मी लहानपणापासून बघितले. इथे न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून गाडी पळवली की चूक धरतात. डिपरचा अर्थ तर उलटाच आहे. आपल्याकडे समोरच्याने डिपर दिला म्हणजे मी येतोय, तू थांब. इथले लोक डिपर देतात ते बहुतेक वेळा तू ये, मी थांबतो म्हणून. हायवे कोडमध्ये मात्र त्याचा अर्थ फक्त मी इथे आहे एवढाच. त्यामुळे दोन्हीवर विसंबू नकोस, रस्ता मोकळा आहे हे स्वतः बघूनच जा.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियम आपल्याकडेही तोच, पण साताऱ्याच्या पोवई नाक्यावर त्या नियमाने थांबले असते तर मी अजून तिथेच असते. इथे सगळे खरोखर थांबतात. मात्र जागा मिळाली आणि तू गेली नाहीस तर तीही चूकच. बिचकून थांबणं आणि फार हळू चालवणं यावरही फेल करतात. पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी दिसली की साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ताशी ६० मैलांपर्यंत मुभा, म्हणजे जवळपास ९६ किलोमीटर. रस्ता सरळ आणि मोकळा असेल तर तिथे ३५ ने जाणं परीक्षकाला पटत नाही. लीड्सच्या बाजूला येणार असशील तर आर्मली जायरेटरी हे नाव लक्षात ठेव. एवढे रस्ते, सिग्नल आणि लेन तिथे एकत्र येतात की पहिल्यांदा रविवारी सकाळी इन्स्ट्रक्टरसोबतच जा.

वळताना त्या रस्त्यावर कोणी चालत ओलांडत असेल, किंवा ओलांडायला नुसतं उभं असेल, तरी आधी त्याला जाऊ द्यायचं. हा नियम जानेवारी २०२२ पासून स्पष्ट झाला. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर. माझ्यासाठी हे दोन नियम नुसते टेस्टपुरते राहिलेले नाहीत, का ते तुला वर कळलंच असेल.

ऑटोमॅटिक की गिअर? ऑटोमॅटिकवर पास झालीस तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. गिअरवर पास झालीस तर दोन्ही. तुला आठ वर्षांची गिअरची सवय आहे, माझं मत गिअरच. पुढेमागे कम्युनिटी नर्सिंगला जायचं ठरवलंस, तर तिथे घरोघरी स्वतः गाडीने जावं लागतं, आणि मिळेल ती गाडी चालवता यावी. पण घेणार ती गाडी इलेक्ट्रिकच असेल आणि तुझ्या भागात ऑटोमॅटिकचा इन्स्ट्रक्टर लवकर मिळत असेल, तर बारा महिन्यांच्या आत पास होणं जास्त मोलाचं आहे.

इन्स्ट्रक्टरच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला असेल तर तो पूर्ण पात्र, गुलाबी त्रिकोण असेल तर अजून प्रशिक्षणात. आमच्याकडे तासाला ३५ ते ४० पाउंड पडतात. तुला चाळीस तास लागणार नाहीत. दहा-बारा घे, पण सलग घे, आणि पहिल्याच तासाला सांग की मला चालवता येतं, माझ्या सवयी शोधून काढा.

पास झाल्यावर पहिली दोन वर्षं फोनला हात लावू नकोस. या काळात नियम मोडल्याचे सहा पॉइंट लायसन्सवर जमा झाले की लायसन्स रद्द होतं आणि दोन्ही परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. हातात फोन धरला की २०० पाउंड दंड आणि एकदम सहा पॉइंट. घरून आईचा फोन आला तरी तो वाजू दे.

निघायच्या आधी एक काम मिरजेतच कर. तुझ्या लायसन्सची मुदत बघ. ती या वर्षात संपणार असेल तर तिथेच नूतनीकरण करून ये, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेव. ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि इथून तो नंबर बदलायला फार यातायात होते. रुजू व्हायचं गाव कोणतं ते ठरलं की मला कळव. लीड्स किंवा वेकफिल्ड असेल तर माझ्या त्या इन्स्ट्रक्टरांना मी तुझ्यासाठी ऑक्टोबरातले तास आत्ताच धरून ठेवायला सांगते.