नातेवाईक-मित्रांच्या मागे न लागता नेटवर्क मार्केटिंगसाठी माणसं कुठे शोधायची?

आधी माल विका, जॉइनिंगचं (माणसं आपल्या साखळीत जोडण्याचं) नंतर. सोसायटीच्या गणपतीत किंवा बचतगटांच्या प्रदर्शनात टेबल मांडा. भांड्यांचं लिक्विड असेल तर करपलेली कढई तिथेच घासून दाखवा; ज्यांना पटेल त्या स्वतःच नंबर मागतील. दुसरी बाटली आपणहून मागवली, तरच धंद्याचा विषय काढा. 'चहाला ये' म्हणून बोलावून प्लॅन दाखवलात, तर लोक फोन उचलेनासे होतात (आणि बरोबरच करतात!). २०२१च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न ठरवता ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. जॉइनिंगसाठी प्रवेश फीही घेता येत नाही. अपलाइन (तुम्हाला साखळीत आणणारा वरचा माणूस) तरीही 'शंभर नातेवाइकांची यादी आण' म्हणत असेल, तर अनोळखी गिऱ्हाईक कंपनीच्या किमतीला माल घेतं का, हे आधी तपासा.